हेड बसवण्याआधी

इंजिनाचं हेड सोडवून टेबलावर उताणं ठेवलं, की आधी नजर जाते ती चार खळग्यांवर. प्रत्येक खळग्यात काजळी, व्हॉल्व्हच्या तोंडावर तपकिरी पुटं, मधोमध स्पार्क प्लगचं भोक. पण ज्याला हे हेड पुन्हा बसवायचं आहे, तो खळग्यांकडे नंतर बघतो. त्याचं लक्ष असतं आजूबाजूच्या सपाट धातूवर. प्रत्येक खळग्याभोवती एक चकचकीत कडं उमटलेलं दिसतं. गॅस्केटची पोलादी कडी तिथे दाबून बसलेली होती. दोन खळग्यांच्या मध्ये जेमतेम बोटाच्या रुंदीची पट्टी उरते. पाण्याच्या भोकांभोवती पांढरट-हिरवट क्षार साचलेले असतात. आणि या सगळ्यावर, तव्याला करपून चिकटलेल्या पोळीसारखे, जुन्या गॅस्केटचे काळे तुकडे.

तुकडे काढायचे, पृष्ठभाग स्वच्छ करायचा, नवं गॅस्केट ठेवायचं आणि हेड आवळायचं. सांगायला एवढंच. इंजिनकामात सगळ्यांत कमी मान याच कामाला; बहुतेक गॅरेजांत ते हाताखालच्या पोराकडे जातं आणि मोठा मेकॅनिक थेट टायमिंग जुळवायला येतो. वास्तविक वाटणी उलटी असायला हवी. टायमिंग चुकलं तर पुन्हा जुळवता येतं. या सपाटीवरून एकदा खरवडला गेलेला धातू परत येत नाही.

या सपाटीला काय सोसावं लागतं, ते आकड्यांतच बघितलेलं बरं. ७५ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर धरला, तर त्याचं तोंड सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर भरतं. पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर असताना आतला दाब ६० बारच्या आसपास जातो. म्हणजे प्रत्येक ज्वलनाला हेड वर उचलू पाहणारा जोर अडीच टनांहून जास्त. मिनिटाला ३००० फेरे असले, तर एका सिलिंडरमध्ये हे सेकंदाला २५ वेळा घडतं. डिझेलमध्ये दाब १५० बारपर्यंत आणि त्याहीपुढे जातो. त्याच सांध्यात, काही मिलिमीटरांच्या अंतरावरून, एकीकडे पाणी वाहतं आणि दुसरीकडे ऑइल. वायू, पाणी आणि ऑइल यांनी एकमेकांना भेटता कामा नये. भेटलेच, तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, नाहीतर डिपस्टिकवर ऑइलऐवजी दुधाळ चहा दिसतो.

त्यात धातूंची आपापली चाल. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. ४० सेंटिमीटर लांबीचं ॲल्युमिनियमचं हेड गार असल्यापासून ८० अंशांनी तापलं, तर सुमारे पाऊण मिलिमीटर लांब होतं. त्याखालचा बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्माच वाढतो. गाडी सुरू झाली की हेड ब्लॉकवरून किंचित सरकतं, बंद झाली की परत येतं. गॅस्केट या दोघांच्या मध्ये सापडलेलं. त्याला दोन्ही बाजूंनी सरकू देत, तरीही गळू न देता धरून ठेवायचं, हे काम त्या सपाटीचं आहे. मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा होता. जुन्या ॲम्बॅसडरमध्ये दोन्ही बिडाचे. दोन्ही गाड्या एकाच गॅरेजात येत, पण दोन्ही हेडांना एकच हत्यार लावणं बरोबर नव्हतं.

हेड निघतं, हीच मुळात एक सोय आहे. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात अनेक इंजिनांत सिलिंडर आणि त्याचं डोकं एकाच ओतकामात असायचं. तिथे सांधाच नाही, म्हणून गळतीही नाही. बुगाटीनं आपल्या शर्यतीच्या गाड्यांत आणि अमेरिकेत ऑफेनहाउजर इंजिनानं पुढेही अनेक वर्षं हीच रचना ठेवली. पण अशा इंजिनात व्हॉल्व्ह घासायचे किंवा काजळी काढायची, तर हात आत घालायला जागा नसते. १९०८ च्या ऑक्टोबरमध्ये फोर्डचं मॉडेल टी आलं. त्यात चारही सिलिंडर एका ब्लॉकमध्ये ओतलेले आणि वर बोल्टांनी आवळलेलं, सुटं होणारं हेड. आडगावच्या शेतकऱ्यालाही पाना घेऊन ते उघडता यावं, हा त्यातला मोठा फायदा. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बनल्या. सुटं हेड घरोघर पोचलं आणि त्याच्यासोबत सांधा साफ करायचं कामही.

मॉडेल टीच्या काळातलं गॅस्केट म्हणजे तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस. ते मऊ, जाड आणि क्षमाशील. पृष्ठभागावर बारीक ओरखडा असला, तरी ते त्यात दबून बसायचं. आपल्याकडच्या शेतात विहिरीवर धडधडणाऱ्या पाच अश्वशक्तीच्या एक सिलिंडरी इंजिनांचंही असंच. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना पुण्यात १९४६ साली झाली आणि पुढच्या काळात ही इंजिनं गावोगाव गेली. बिडाचं हेड, बिडाचा ब्लॉक, चार नट, जाड गॅस्केट. बांधावर बसून, रॉकेलच्या डब्यात चिंधी बुडवून आणि जुन्या ब्लेडनं खरवडून केलेली सफाई तिथे चालून जायची. ती पद्धत त्या इंजिनाला साजेशी होती. अडचण झाली ती इंजिन बदललं आणि हात तसाच राहिला तिथे.

आजच्या बहुतेक गाड्यांत पोलादी पत्र्यांचं अनेक थरांचं गॅस्केट असतं. स्टेनलेस स्प्रिंग स्टीलचे तीन-चार पातळ पत्रे, त्यांवर ठसे मारून उठवलेल्या बारीक वळ्या आणि वरून रबरासारख्या पदार्थाचा मायक्रॉनांत मोजावा असा लेप. बोल्ट आवळले की वळ्या दबतात, पण स्प्रिंगसारख्या वर उसळी मारत राहतात, आणि हेडच्या हालचालीबरोबर सांधा भरून काढतात. हे गॅस्केट टिकाऊ आहे, पण क्षमाशील अजिबात नाही. जुन्या तंतुमय गॅस्केटला पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा दीड ते अडीच मायक्रॉन चालत असे. उलट थोडं खडबडीत असलं तर ते धरून राही. पोलादी गॅस्केटला तो पाऊण मायक्रॉनच्या आत लागतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. केसाच्या शंभराव्या भागाएवढ्या खाचांचा हिशेब इथे असतो, कारण लेपाला त्याहून खोल खाच भरून काढता येत नाही.

मग अशा पृष्ठभागावरून चिकटलेला करप काढायचा कशानं? खरवडून की घासून? या प्रश्नावर एका माणसानं मोटार जन्माला येण्याच्या किती तरी आधी आपलं मत मांडून ठेवलेलं आहे.

जोसेफ व्हिटवर्थ हे स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवणारे म्हणून प्रसिद्ध. तरुणपणी लंडनमध्ये हेन्री मॉड्सले यांच्या कारखान्यात त्यांनी काम केलं. १८४० साली ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनची बैठक भरली, तिथे त्यांनी धातूचा खरा सपाट पृष्ठभाग कसा मिळवायचा यावर निबंध वाचला. तोवरची रीत अशी होती, की दोन पत्रे एकमेकांवर ठेवायचे, मध्ये एमरीची पूड टाकायची आणि घासत राहायचं. व्हिटवर्थ यांचा या रीतीला ठाम विरोध होता. पूड सगळीकडे सारखी पसरत नाही; कुठे साचते, कुठे उरतच नाही, आणि ती कुठला धातू किती खाते आहे यावर हाताचा ताबा राहत नाही. त्यांनी सुचवलं की रंगाचा पातळ हात द्यावा, पत्रे एकमेकांवर टेकवावेत, रंग उठलेले उंचवटे ओळखावेत आणि धारदार खरवडणीनं नेमके तेवढेच काढावेत. तेही दोन पत्र्यांवर थांबून नाही. दोन पत्रे एकमेकांत चपखल बसले, तरी एक फुगीर आणि दुसरा खोलगट असू शकतो. तिसरा पत्रा घेऊन तिन्ही आळीपाळीनं एकमेकांशी जुळवले, की फुगीर-खोलगट जोडीचं बिंग फुटतं. तिन्ही एकमेकांवर बसले, तर ते सपाटच असतात.

व्हिटवर्थ यांच्या निबंधातली खरवडणी आणि पूड यांची तुलना आजच्या गॅरेजात जशीच्या तशी लागू पडते. पुडीची जागा फक्त हवेवर फिरणाऱ्या चकतीनं घेतली आहे.

कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारी छोटी ग्राइंडरसारखी मशीन, तिच्या टोकाला लोकरीसारखी जाड चकती किंवा प्लॅस्टिकच्या काट्यांचा ब्रश. मशीन लावली की काळा करप क्षणात उडतो आणि खालून चंदेरी धातू चमकतो. दोन तासांचं काम दहा मिनिटांत. ज्यानं पहिल्यांदा पाहिलं त्याला ही जादूच वाटते, आणि तिचा मोह समजण्यासारखा आहे. दारात तीन गाड्या उभ्या असताना मेकॅनिकला दहा मिनिटांची किंमत चांगली ठाऊक असते. पण त्या चकतीच्या धाग्यांत आणि काट्यांत बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण गुंफलेले असतात. कठीणपणाच्या मोहस् मापावर हिरा १० वर, तर ॲल्युमिनियम ऑक्साइड ९ वर. शुद्ध ॲल्युमिनियम ३ च्याही खाली.

या चकत्यांचा वापर इतका वाढला, की या शतकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सला आपल्या दुरुस्ती केंद्रांसाठी खास सूचनापत्र काढावं लागलं: गॅस्केटचे पृष्ठभाग साफ करायला अशा घासणाऱ्या चकत्या वापरू नका. कारणं दोन. पहिलं म्हणजे चकती धातू खाते, आणि सारखा खात नाही. कंपनीच्या माहितीप्रमाणे अशा चकतीनं ०.२ मिलिमीटर धातू निघायला सुमारे १५ सेकंद पुरतात. बहुतेक हेडांना सपाटीतली चूक ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच चालते, हे लक्षात घेतलं की १५ सेकंदांचा अर्थ कळतो. आणि करप सगळीकडे सारखा नसतो. जिथे जास्त चिकटलेला, तिथे हात जास्त रेंगाळतो. नेमकी ती जागा म्हणजे दोन खळग्यांच्या मधली बोटभर पट्टी, जिच्या कडा चकतीनं गोल होतात. पृष्ठभाग आरशासारखा चमकतो आणि त्यात उथळ खड्डे पडलेले असतात. डोळ्याला ते दिसत नाहीत.

दुसरं कारण जास्त भयंकर, कारण ते उशिरा कळतं. चकती झिजते तेव्हा तिच्यातले कण कुठे तरी जातात. ते सिलिंडरच्या भिंतीवर पडतात, ऑइलच्या वाटांमध्ये शिरतात, तिथून तळाच्या ऑइलच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, उतरतात. साधा ऑइल फिल्टर २०-३० मायक्रॉनचे कण बऱ्यापैकी अडवतो. त्याहून बारीक बरेचसे आरपार जातात. क्रँकशाफ्ट आणि त्याचं बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो पडदा असतो, तो भार आला की काही मायक्रॉनांचाच उरतो. बेअरिंगचा आतला थर मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. कठीण कण त्यात रुतून बसतो आणि शाफ्टवर एमरी पेपरासारखा फिरत राहतो. गॅस्केट उत्तम बसतं, पाणी एक थेंब गळत नाही, मालक खूश होऊन गाडी घेऊन जातो, आणि काही महिन्यांनी इंजिन खालून ठोकायला लागतं. तेव्हा त्या आवाजाचा संबंध हेडच्या कामाशी कुणी जोडतही नाही.

या चकत्या वापरूनही ज्यांची इंजिनं नीट चालली, असे मेकॅनिक आहेत. सुटं केलेलं हेड चकतीनं साफ करून मग नीट धुतलं, तर धोका पुष्कळ कमी होतो, हेही मान्य. पण ब्लॉक गाडीतच असताना, चारही सिलिंडर उघडे असताना त्यावर चकती फिरवणं, हा मात्र अक्षम्य प्रकार आहे.

चांगला हात कसा चालतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. हेड लाकडी फळीवर ठेवलेलं असतं, थेट फरशीवर कधीच नाही. वर कॅम असलेल्या अनेक हेडांत काही व्हॉल्व्ह उघडे राहून पृष्ठभागाच्या बाहेर डोकावतात, आणि पालथं ठेवलं की नेमके तेच वाकतात. साफ करण्याआधी जुनं गॅस्केट हेडशेजारी मांडून वाचलं जातं. कडीवरून आरपार गेलेला काळा पट्टा म्हणजे वायू इथून निसटत होता. चारांपैकी एकच पिस्टन आणि खळगा धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत होतं आणि त्याच्या वाफेनं काजळी धुऊन निघाली. ती जागा हेडवर मार्करनं खूण करून ठेवायची. आधी घासून टाकलं, तर पुरावाच पुसला जातो.

मग भोकं बंद होतात. पाण्याच्या आणि ऑइलच्या वाटांत चिंध्या कोंबायच्या, आणि मोजून कोंबायच्या. नऊ घातल्या तर नऊच निघायला हव्यात. करपावर गॅस्केट काढायचं औषध फवारायचं आणि थांबायचं. हे थांबणंच सगळ्यांना जड जातं. दहा-पंधरा मिनिटांत तुकडे फुगतात, त्यांच्या कडा सुटतात. मग खरवडणी. बिडाच्या हेडला पोलादी पातं चालतं. ॲल्युमिनियमला प्लॅस्टिकचं, नाहीतर कडक लाकडाचं. पोलादी पातं वापरावंच लागलं, तर त्याचे दोन्ही कोपरे आधी दगडावर घासून गोल करायचे, म्हणजे हात तिरका झाला तरी कोपरा रुतत नाही. पातं जवळजवळ आडवं धरायचं आणि ढकलायचं, टोचायचं नाही. करपावर पातं खरखरतं. धातू लागला की आवाज गुळगुळीत होतो, आणि सवयीचा हात त्या आवाजावरच थांबतो. उरलेल्या चिवट डागावर पुन्हा औषध, पुन्हा दहा मिनिटं. शेवटी बोटाचं नख खळग्याभोवतीच्या कड्यावरून आडवं फिरवायचं. नख अडकलं, तर तो ओरखडा गॅस्केटलाही नडणार.

कड्यावर उरलेला नुसता काळपट डाग, ज्याची उंची नखाला लागत नाही, तो तसाच राहू द्यायला हरकत नाही. डाग गळत नाही. तो घालवण्याच्या हट्टापायीच धातू जातो.

औषधांबद्दल थोडं सावध राहायला हवं. गॅस्केट आणि रंग काढायच्या जुन्या, जहाल औषधांत मेथिलीन क्लोराइड असायचं. त्याची वाफ श्वासातून गेली की शरीरात तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत हे काम करताना माणसं दगावलेली आहेत, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं या रसायनाच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. शटर वर करून, वाऱ्याच्या बाजूला काम करणं ही साधी गोष्ट आहे आणि ती करायलाच हवी. जुन्या गाडीचं किंवा जुन्या पंपाच्या इंजिनाचं गॅस्केट असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो असंच धरून चालावं. ते कोरडं खरवडू नये, तारेच्या ब्रशनं तर मुळीच नाही, आणि धूळ हवेनं उडवू नये. पाण्यानं किंवा तेलानं ओलं करून काढावं, चिंधीत गुंडाळून टाकावं. ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वीस-चाळीस वर्षांनी उगवतो. पंधरा वर्षांचा पोरगा आज जी धूळ श्वासातून घेतो, ती त्याच्या पन्नाशीत बोलते.

आणि कॉस्टिक. बिडाचे ब्लॉक आणि हेड कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत उकळून काढायची रीत जुनी आहे आणि बिडासाठी ती उत्तमच. ॲल्युमिनियम मात्र कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. टाकीत फसफस दिसते, ती मळ निघण्याची वाटते; प्रत्यक्षात हेडच उकळून जात असतं. ब्लॉकसोबत हेडही त्याच टाकीत टाकलं, आणि बाहेर काढलं तेव्हा ते काळं, खडबडीत आणि भंगारात घालायच्या लायकीचं झालेलं, ही चूक करणाऱ्याला ती दुसऱ्यांदा करावी लागत नाही.

स्वच्छ झाल्यावरच मापता येतं. करपावर पट्टी ठेवून काढलेलं माप खोटं. यासाठी खास घासून सरळ केलेली पोलादी पट्टी लागते. शाळेतली किंवा दुकानातली साधी फूटपट्टी चालत नाही. ती पट्टी हेडवर उभी धरायची, लांबीच्या दोन्ही कडांना, रुंदीच्या दोन्ही कडांना आणि दोन कर्णांवर. सहा जागा. प्रत्येक जागी पट्टीखालून ०.०५ मिलिमीटरचं फीलर गेज सरकतं का ते बघायचं. पट्टीमागे बॅटरी धरली, तर फटीतून येणारी प्रकाशाची रेघही बरंच काही सांगते. खंबाटकी किंवा कशेडीच्या घाटात पाणी संपून तापलेल्या गाडीचं हेड बहुतेक मध्यभागी उचललेलं असतं. आणि तापलेल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतलं असेल, तर आधी भेग शोधावी लागते. व्हॉल्व्हच्या दोन बैठकांमधली अरुंद जागा ही तिची आवडती.

हेड वाकलं असेल, तर मशीनवर फेस मारतात, म्हणजे पातळ थर काढून ते सपाट करतात. गरजेचं असेल तेव्हा हाच खरा उपाय, पण त्याचीही किंमत असते. धातू काढला की ज्वलनाची जागा आक्रसते आणि कॉम्प्रेशन वाढतं. कॅम वर असलेल्या इंजिनात कॅम आणि क्रँकमधलं अंतर कमी होऊन टायमिंग किंचित मागे पडतं. डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातली जागा आधीच इतकी कमी असते, की काही हेडांना फेस मारायची परवानगीच नसते. कंपनीच्या पुस्तकात हेडची किमान उंची दिलेली असते, ती बघितल्याशिवाय हेड मशीनवर चढवू नये. शिवाय हेड वाकतं तेव्हा ते सगळंच वाकतं. खालचा चेहरा सरळ केला, तरी वरच्या कॅमच्या बैठकांची रांग वाकडीच राहते. चांगला मशीनवाला आधी कॅम हातानं फिरवून बघतो.

ब्लॉककडेही तेवढंच लक्ष हवं, पण तिथे काम अवघड. हेड बाहेर काढून धुता येतं, ब्लॉक बहुधा गाडीतच असतो आणि पडलेला प्रत्येक कण आत जातो. त्यासाठी एक जुनी युक्ती अजून चालते. पिस्टन वर आणून त्याच्या आणि भिंतीच्या फटीत गोलाकार ग्रीसची रेघ भरायची. खरवडताना उडालेले कण ग्रीसमध्ये अडकतात. काम झाल्यावर पिस्टन थोडा खाली नेला की ग्रीसचं कडं भिंतीवर राहतं. ते चिंधीनं पुसून काढायचं.

मग बोल्टांची भोकं. ही जागा सगळ्यांत सहज विसरली जाते. ब्लॉकमधली काही भोकं तळाला बंद असतात. त्यात पाणी किंवा ऑइल साचलेलं राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, तर द्रव दाबला जात नाही, आणि बाहेर पडायला वाटही नसते. बोल्ट हायड्रॉलिक जॅकसारखं काम करतो आणि ब्लॉकला आतून तडा देतो. तसं झालं नाही तरी दुसरी फसवणूक होते. टॉर्क रेंचवर दिलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो. बाकी सगळा आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणात. आट्यांत गंज आणि माती असेल, तर रेंच टिक् करून हवा तो आकडा दाखवतं, पण बोल्ट पुरेसा ताणलेलाच नसतो. म्हणून आटे साफ करायला आटे कापणारा टॅप नको, त्यानं धातू निघतो. आटे फक्त साफ करणारं हत्यार किंवा जुन्याच बोल्टाला उभ्या खाचा पाडून केलेलं घरगुती साधन पुरतं. नंतर हवा मारायची, डोळ्यांना चष्मा लावून आणि भोकावर चिंधी धरून. भोकातलं जुनं कूलंट हवेच्या जोरानं थेट चेहऱ्यावर येतं.

शेवटचा हात पांढऱ्या, धागे न सुटणाऱ्या कापडाचा. थिनर किंवा ब्रेक क्लीनर कापडावर घेऊन दोन्ही पृष्ठभाग पुसायचे. कापड काळं येतं. दुसरं घडी उलटून, तिसरं नवं. पांढरं घेतलेलं कापड पांढरंच परत आलं, की थांबायचं, आणि त्यानंतर त्या सपाटीला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट ठसाही लेपाला नकोसा असतो. पोलादी गॅस्केटला वरून शेलॅक किंवा सिलिकॉनचा हात द्यायची सवय अनेकांना असते. कंपनीनं सांगितलेली जागा सोडून ते कुठेही लावू नये. गॅस्केट पिशवीतून अगदी शेवटी काढायचं, खाली-वरची खूण बघायची आणि डोवेल पिनांवर अलगद ठेवायचं. हेड दोघांनी मिळून सरळ खाली उतरवायचं. ते तिरकं टेकलं आणि गॅस्केटवरून सरकलं असं वाटलं, तर पुन्हा उचलून बघण्याची लाज वाटू देऊ नये. मग बोल्ट, मधल्यापासून बाहेरच्या दिशेनं, पुस्तकात दिलेल्या टप्प्यांनी.

गाडी सुरू होते, पंखा लागेपर्यंत चालते, पाणी तपासून होतं. एक काम अजून उरतं. कितीही जपलं तरी थोडा करप, थोडी काजळी, एखादा कण ऑइलमध्ये गेलेला असतोच. म्हणून हे पहिलं ऑइल पूर्ण मुदत चालवायचं नसतं. काही शे किलोमीटरांतच ते आणि फिल्टर बदलायचा. काढलेला फिल्टर कचऱ्यात टाकण्याआधी त्याचं डबडं कापून आतला कागद बाहेर काढायचा. पुण्याच्या नानापेठेत किंवा कुठल्याही गावच्या मोटार लाइनीत हे कापायला कुणीही देईल. कागदाच्या घड्या हातानं ताणून, ऑइल निथळू देऊन, उन्हात धरायच्या. काळे, मऊ, चुरगळणारे कण दिसले तर तो गॅस्केटचा करप, त्याची चिंता नाही. घड्या वळवल्यावर त्यात चांदीसारखं काही चमकलं, तर संप उतरवून बेअरिंग बघावं लागेल.